हेडसेट घेण्याआधी: इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये व्हीआर-एआर आणायचं असेल तर

आपल्याकडे हा विषय बहुधा असाच सुरू होतो. कुठला तरी निधी मंजूर होतो, मार्चअखेर तो खर्ची टाकायचा असतो आणि विभागाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, "आपण व्हीआर लॅब करू या." पुढची जबाबदारी सगळ्यात नव्या सरांच्या किंवा मॅडमच्या गळ्यात पडते. ते नवे सर किंवा मॅडम तुम्ही असाल, तर हे तुमच्यासाठी. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. आमच्याकडे अशी लॅब उभी राहिली आणि चालतेही आहे. ती उभी करताना जी माहिती इथून-तिथून गोळा करावी लागली, ती क्रमाने खाली देतो.

व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिअॅलिटी) डोळ्यांवर हेडसेट चढतो आणि समोरची खोली नाहीशी होते. एआरमध्ये (ऑगमेंटेड रिअॅलिटी) खोली दिसत राहते आणि तिच्यात आपलं मॉडेल येऊन बसतं, बहुतेक वेळा साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून. खर्च आणि तयारी, दोन्हींत एआर हलकं पडतं. म्हणून खालची वाट मोबाइलपासून सुरू होते आणि हेडसेट चौथ्या पायरीला येतो.

१. आधी अडलेला धडा शोधा

सिलॅबस समोर घ्या आणि स्वतःला विचारा: दर वर्षी पोरं नेमकी कुठे अडकतात? सगळ्या विषयांची यादी करू नका, एक प्रॅक्टिकल निवडा. निवडताना तीन कसोट्या पुरतात. ती गोष्ट डोळ्यांना दिसत नाही का? ती हाताळणं धोक्याचं आहे का? की ती इतकी मोठी, महाग किंवा लांब आहे की वर्गात आणताच येत नाही?

इलेक्ट्रिकलचं उदाहरण घ्या. १३२ केव्हीच्या सबस्टेशनमध्ये लाइन दुरुस्तीला घ्यायची, तर आधी सर्किट ब्रेकर (चालू प्रवाह तोडणारा स्विच) उघडायचा, मग दोन्ही बाजूंचे आयसोलेटर (लाइन वेगळी करणारे स्विच), आणि शेवटी अर्थ स्विच (लाइन जमिनीला जोडणारा) लावायचा. ओरलला हा क्रम सगळे घडाघडा म्हणतात. पण आयसोलेटरला आर्क, म्हणजे हवेतून उडणारी विजेची ठिणगी, विझवायची सोय नसते, म्हणून लोडवर, म्हणजे प्रवाह चालू असताना, तो उघडला तर काय होतं, हे एकानेही पाहिलेलं नसतं. पाहायला मिळणारही नाही, कारण चालू यार्डात विद्यार्थ्याला हात कोण लावू देईल? व्हीआरमध्ये क्रम चुकवता येतो, आर्क उडताना दिसतो आणि कोणाला भाजत नाही. माझ्या मते प्रत्यक्ष भेटीपेक्षा व्हीआर सरस ठरतं अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

सिव्हिलला बीम-कॉलम जॉइंटमधली सळई. कागदावरच्या सेक्शनमध्ये ती सरळ वाटते. स्टिरप (सळयांभोवतीच्या कड्या), बेंड (वाक) आणि अँकरेज (काँक्रीटमध्ये रुतवलेली टोकं) एकमेकांत कसे अडकतात ते चारी बाजूंनी फिरून पाहिल्याशिवाय कळत नाही. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडल्याची बातमी आपण दर वर्षी वाचतो. पण तशा दरवाजाला लागणारा पाण्याचा दाब ट्रनियनमधून (दरवाजा ज्यावर फिरतो तो आस) पिअरमध्ये (दोन दरवाजांमधला खांब) कसा उतरतो, हे पुलावरून वाकून पाहिलं तरी समजत नाही. मेकॅनिकलला दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची भेट ठरलेली. तिथल्या ५०० मेगावॅटच्या चालू संचाचं टर्बाइन काही कोणी उघडून दाखवणार नाही, आणि आवाजात मागच्या रांगेतल्यांना काही ऐकूही येत नाही. भेटीच्या आदल्या आठवड्यात बॉयलर, टर्बाइन, कंडेन्सर, कूलिंग टॉवर ही वाट व्हीआरमध्ये चालून झाली असेल, तर तिथे पोरं नेमके प्रश्न विचारतात.

काय निवडू नये, तेही सांगतो. डेरिव्हेशन, न्यूमेरिकल, लेथवरचा हाताचा अंदाज, टॉर्क रेंचचा ताण, बेअरिंगचा आवाज. साध्या कंट्रोलरला वजन नसतं आणि धातूचा स्पर्शही नसतो. वर्कशॉपमध्ये लेथ उभं असताना त्याचं व्हीआर दाखवणं मला तरी पटत नाही.

२. मोबाइलपासून सुरुवात करा

पहिल्या सेमिस्टरला एकही हेडसेट नसला तरी चालतं. फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग ग्राफिक्स घ्या. फर्स्ट अँगल प्रोजेक्शनमध्ये वस्तू निरीक्षक आणि प्रतल यांच्यामध्ये असते, हे वाक्य फळ्यावर लिहून काही होत नाही. बेंचवर मोबाइलमधून ब्लॉक ठेवा, विद्यार्थ्याला त्याच्याभोवती फिरू द्या आणि तिथेच टॉप व्ह्यू काढायला लावा. गणिताच्या सरांशी तुमचं जमत असेल तर जिओजेब्राचं थ्रीडी अ‍ॅप फुकट आहे, त्यात पृष्ठभाग एआरमध्ये उभे करता येतात.

लागणारी साधनं अशी, सगळी मोफत:

- फ्रीकॅड, किंवा कॉलेजात आधीच असलेलं कुठलंही कॅड (संगणकावर आराखडा काढायचं) सॉफ्टवेअर
- ब्लेंडर, मॉडेल हलकं करायला आणि रंग द्यायला
- मॉडेल-व्ह्यूअर हा गुगलचा वेब घटक; वेबपानात दोन ओळी टाकल्या की मॉडेल मोबाइलवर उघडतं
- क्यूआर कोड आणि तो चिकटवायला जर्नलचं पान किंवा मशीनचा पत्रा

कामाचा क्रम: कॅडमधलं मॉडेल स्टेप फाइलमध्ये (कॅड सॉफ्टवेअरांमधल्या देवाणघेवाणीचा प्रकार) काढा, फ्रीकॅडमध्ये त्याचं मेश (त्रिकोणांची जाळी) करा, ब्लेंडरमध्ये डेसिमेट लावून त्रिकोणांची संख्या कमी करा आणि जीएलबी फाइल (वेब-मोबाइलवर उघडणारा थ्रीडी प्रकार) म्हणून साठवा. मोबाइलसाठी एक लाख त्रिकोणांच्या आत राहायचा प्रयत्न करा. बोल्टचे आटे, आतले न दिसणारे फिलेट (गोलाई दिलेल्या कडा), कंपनीचा कोरलेला लोगो हे सगळं आधीच काढून टाका. वजन तिथेच असतं.

इथे तीन खड्डे आहेत. पहिला मापाचा. कॅड मिलिमीटरमध्ये बोलतं, जीएलबी मीटरमध्ये. रूपांतर करताना ते सांभाळलं नाही, तर ११० मिलिमीटरचा कनेक्टिंग रॉड ११० मीटरचा होतो, कॅमेरा त्याच्या पोटात जातो आणि विद्यार्थी म्हणतो, "सर, काहीच दिसत नाही." दुसरा फायलीचा. ब्लेंडर मुळात स्टेप फाइल उघडत नाही, म्हणून मधली पायरी गाळू नका. तिसरा मोबाइलचा. सगळ्या अँड्रॉइड फोनवर एआर चालत नाही. एआरकोअर ही गुगलची एआर प्रणाली ज्या फोनांवर चालते त्यांची यादी गुगल प्रसिद्ध करतं, ती पाहून घ्या. आयफोनला यूएसडीझेड प्रकारची फाइल लागते. वर्गात आधी हात वर करायला लावा, कोणाच्या फोनवर चालतं ते बघा आणि तिघांत एक असे गट पाडा. फोन नाही म्हणून कोणी मागे बसलेलं दिसता कामा नये. नंदुरबार-धडगावकडून आलेलं पोरगं स्वतःहून सांगणार नाही की त्याच्या फोनवर हे उघडत नाही.

३. आपल्या आसपासचं ३६० अंशांत टिपा

पूर्ण व्हीआर बनवायला प्रोग्रामिंग लागतं. ३६० अंशांचा फोटो किंवा व्हिडिओ काढायला एक कॅमेरा आणि ट्रायपॉड पुरतो, आणि खान्देशात विषयांना तोटा नाही. साक्री तालुक्यातल्या पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प, भुसावळचं रेल्वे यार्ड, जिनिंगचे कारखाने, डाळमिल. पांझरेवरचे फड पद्धतीचे जुने बंधारे तर इरिगेशन शिकवणाऱ्याने टिपायलाच हवेत. पंपाशिवाय, केवळ उताराच्या जोरावर पाणी कालव्यातून फडाफडांत कसं फिरतं, हे एका जागी उभं राहून चारी बाजूंना पाहता येतं.

चित्रणाची परवानगी लेखी घ्या. रेल्वे, वीज केंद्र आणि धरण इथे कॅमेरा काढण्याआधी संबंधित कार्यालयाचं पत्र हातात हवं. तोंडी "या हो, काही हरकत नाही" गेटवर चालत नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला लावा आणि हलवू नका. चालत काढलेला ३६० व्हिडिओ हेडसेटमध्ये पाहिला की निम्म्या वर्गाला मळमळतं.

४. आता हेडसेट

दोन जाती आहेत. एक स्वतंत्र चालणारा, ज्यात प्रोसेसर आतच असतो, उदाहरणार्थ मेटा क्वेस्ट ३ किंवा ३एस. दुसरा संगणकाला जोडायचा, ज्याला चांगल्या ग्राफिक्स कार्डचा संगणक लागतो. पहिल्या लॅबसाठी स्वतंत्र जातच घ्या. एका मोठ्या संगणकाच्या पैशात दोन पोरं एकाच वेळी शिकू शकतात, आणि वायरीत पाय अडकत नाही.

कोटेशन मागवताना विक्रेत्याला हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

- वॉरंटी भारतात आहे की बाहेरून मागवलेला माल आहे? कंट्रोलर बिघडला तर एकटा मिळतो का?
- हेडसेट चालवायला कोणाचं खातं लागतं? (कॉलेजच्या ईमेलवर खातं काढा, स्वतःच्या कधीच नाही.)
- अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालतं का?
- कंटेंट एकदाच विकत मिळतं की दर वर्षी पैसे? वर्गणी थांबली तर काय उरतं?
- आवाज कुठल्या भाषेत आहे, तो आपल्याला बदलता येतो का?
- डोळ्यांमधलं अंतर कसं जुळवायचं? क्वेस्ट ३एसमध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच टप्पे आहेत. क्वेस्ट ३ मध्ये ५३ ते ७५ पर्यंत चाक फिरवून जुळवता येतं.

डेमो तुमच्या कॉलेजात, तुमच्या वायफायवर आणि तुम्ही निवडलेल्या प्रॅक्टिकलचाच मागा. डायनासोर आणि रोलरकोस्टर पाहून समिती खूश होते आणि सही होते. नंतर कळतं की थर्मलचं एकही अ‍ॅप त्या पॅकेजात नाही.

या धंद्यात वस्तू लवकर मरतात, हेही गृहीत धरा. शाळा-कॉलेजांत गाजलेलं, आभासी सहली घडवणारं गुगल एक्स्पिडिशन्स २०२१ मध्ये बंद झालं. ब्राउझरमध्ये आभासी खोल्या उघडणारं मोझिला हब्ज मे २०२४ अखेर बंद झालं. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ या एआर हेडसेटचं उत्पादन २०२४ मध्ये थांबवलं. म्हणून मूळ कॅड फाइल, जीएलबी फाइल आणि ३६० चं मूळ चित्रण विभागाच्या हार्डडिस्कवर असलंच पाहिजे. ते जवळ असेल तर उद्या दुसऱ्या यंत्रावर नेता येतं. विक्रेत्याच्या सर्व्हरवर असेल तर त्याच्या मर्जीवर.

स्वतः बनवलेलं अ‍ॅप हेडसेटमध्ये घालायचं असेल, तर डेव्हलपर मोड सुरू करावा लागतो आणि एपीके फाइल (अँड्रॉइड अॅपची फाइल) केबलने टाकावी लागते. केबल जोडल्यावर हेडसेटच्या आत परवानगीची चौकट येते. ती पाहायला हेडसेट डोक्यावर चढवावा लागतो. बाहेरून पाहणारे तासभर केबल बदलत बसतात.

५. खोली, ऊन आणि वीज

उभ्याने वापरायचं तर प्रत्येकी किमान दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा. वर पंखा आणि ट्यूबलाइट किती खाली आहे तेही पाहा, कारण माणूस हात वर करतोच. जागा कमी असेल तर बिनहाताच्या फिरत्या खुर्च्या आणा. बसून पाहिलं की तोलही जात नाही. भिंती अगदी पांढऱ्याफटक असतील तर हेडसेटच्या कॅमेऱ्यांना खुणा सापडत नाहीत आणि ट्रॅकिंग घसरतं. भिंतीवर जुने चार्ट लावा, तेवढं पुरतं.

उन्हाचं मात्र मनावर घ्या. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ च्या पलीकडे जातो. हेडसेट बंद गाडीत, पत्र्याखाली किंवा खिडकीशी ठेवू नका. त्याहून मोठा धोका लेन्सचा. बाहेरून थेट ऊन लेन्सवर पडलं, तर ते भिंगासारखं एकवटून आतला पडदा जाळतं आणि तिथे कायमचा डाग उरतो. चार्जिंगला लावताना लेन्स नेहमी खाली किंवा झाकलेली. खिडक्यांना जाड पडदे लावा, आणि अंगणात नेऊन फोटो काढायची हौस कोणाला असेल तर नाही म्हणा.

वीज गेली तरी हेडसेट आपल्या बॅटरीवर साधारण दोन तास चालतो, पण राउटर बंद पडतो आणि त्यासोबत इंटरनेटवर चालणारं अ‍ॅपही. राउटरला छोटा यूपीएस द्या आणि सगळं आधी डाउनलोड करून ठेवा. हेडसेटमधलं दृश्य प्रोजेक्टरवर दाखवायचं असेल तर कॉलेजचं वायफाय बहुधा आडवं येतं, कारण त्यावर एका यंत्राला दुसरं यंत्र दिसू नये अशी व्यवस्था केलेली असते. नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाशी भांडण्यापेक्षा ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर लॅबपुरता घेणं सोपं.

६. तासाची आखणी

आकडेमोड करून बघा. वीसची बॅच, चार हेडसेट, प्रॅक्टिकल दोन तासांचं. प्रत्येकाला हेडसेटच्या आत आठ मिनिटं, चढवणं-उतरवणं-पुसणं धरून बारा. पाच फेऱ्या, म्हणजे एक तास. उरलेल्या तासातली पंधरा मिनिटं सुरुवातीच्या सूचनांना, अर्धा तास शेवटी चर्चेला आणि आकृतीला, पंधरा मिनिटं अडचणींना. अडचणी येतातच.

आठ मिनिटांहून जास्त देऊ नका. नवख्या माणसाला त्यानंतर डोळ्यांवर ताण येतो, काहींना गरगरतं. गरगरण्याचं मुख्य कारण असं की डोळे सांगतात आपण पुढे चाललोय आणि कान आतून सांगतो की आपण बसलोय. म्हणून ज्या अ‍ॅपमध्ये टेलिपोर्टने, म्हणजे या जागेवरून थेट त्या जागेवर, जाता येतं तेच निवडा. ज्याला फिट येण्याचा त्रास आहे, मायग्रेन आहे, त्याला हेडसेट देऊ नका. तेच दृश्य प्रोजेक्टरवर दाखवा. हे चारचौघांत विचारू नका, आदल्या दिवशी फॉर्मवर लिहून घ्या.

जोड्या लावा. एक आत, एक बाहेर. बाहेरचा दोन कामं करतो: आतल्याला भिंतीवर आदळू देत नाही आणि त्याला प्रश्न विचारतो. "तुले काय दखास?" (तुला काय दिसतं?) असं अहिराणीत विचारलं तरी उत्तम. उलट तसंच विचारू द्या. आतला जे पाहतो ते त्याला बोलून सांगावं लागतं आणि बोलताना कुठे अडतो ते तुम्हालाही ऐकू येतं. विकतच्या अ‍ॅपमधला अमेरिकन उच्चाराचा आवाज बंद करून स्वतः मराठीत बोललात तर आणखी चांगलं. ब्रेकर, आयसोलेटर, पिअर हे शब्द तसेच ठेवा, परीक्षेत तेच येणार आहेत.

डोक्याला लागणाऱ्या वस्तूची स्वच्छता हा पोरांच्या कुरबुरीचा पहिला विषय असतो, आणि कुरबूर रास्त आहे. चेहऱ्याला टेकणाऱ्या भागावर सिलिकॉनचं कव्हर लावा, प्रत्येक फेरीनंतर ते वाइपने पुसा. लेन्सला पाणी नाही, सॅनिटायझर तर नाहीच, फक्त कोरडं मायक्रोफायबर कापड. खोबरेल तेल, गजरा, टिकली, अंबाडा यांची व्यवस्था आधी सांगून ठेवा, म्हणजे मुलींना ऐनवेळी अवघडल्यासारखं होत नाही. चष्मेवाल्यांसाठी स्पेसर बसवा. चष्म्याची काच लेन्सला घासली तर चरे हेडसेटवर पडतात.

७. शिकले का, हे तपासा

पोरांना मजा येते, फोटो छान येतात, आणि त्यालाच निकाल समजलं जातं. २०१९ मध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या गीडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी ५२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. विज्ञानाची तीच आभासी प्रयोगशाळा कधी साध्या पडद्यावर, कधी हेडसेटमध्ये. हेडसेटमध्ये "आपण तिथेच आहोत" असं जास्त वाटलं, पण शिकणं कमी झालं. त्याच्या आदल्या वर्षीच्या पॅरॉन्ग आणि मेयर यांच्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात एक उपायही दिसतो: व्हीआरचा धडा तुकड्यांत दाखवून प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत सारांश लिहायला लावला, तर तो सलग पाहणाऱ्यापेक्षा जास्त शिकला.

मी त्यातूनच एक नियम केला आहे. हेडसेट उतरवला की लगेच कोरा कागद, आणि पाहिलेलं हाताने काढायचं. सबस्टेशन असेल तर सिंगल लाइन डायग्राम (तिन्ही फेज एकाच रेषेत दाखवणारी आकृती), जॉइंट असेल तर सेक्शन. ज्याला काढता येत नाही त्याने पाहिलेलं नाही, एवढं कळायला परीक्षेची वाट पाहावी लागत नाही. आधी आणि नंतर तेच पाच प्रश्न द्या. दोन बॅच असतील तर एका आठवड्यात एकीला व्हीआर आणि दुसरीला नेहमीचं, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कोणी वंचित राहत नाही आणि तुलनाही मिळते. फरक दिसला नाही, तर त्या प्रॅक्टिकलपुरतं व्हीआर बाजूला ठेवायला लाजू नका.

८. कागदपत्रं

हे कंटाळवाणं आहे पण टळत नाही. फाइलमध्ये इतकं असू द्या:

- विभागीय बैठकीचं इतिवृत्त आणि प्राचार्यांची मंजुरी
- कोटेशन, तुलनात्मक तक्ता, पर्चेस कमिटीच्या सह्या
- जीएसटी बिल, वॉरंटी कार्ड, डेड स्टॉक रजिस्टरमधली नोंद (कंट्रोलर, केबल, चार्जर यांची स्वतंत्र)
- विद्यार्थ्यांची संमतीपत्रं आणि आरोग्याची माहिती, बंद पाकिटात
- चित्रणाच्या परवानग्या
- प्रॅक्टिकलचं जर्नल आणि कोर्स आउटकमशी (विषयातून विद्यार्थ्याला काय यायला हवं त्या यादीशी) जोडणी. एनबीएची (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) टीम आली की हेच आधी मागतात
- खात्याचा ईमेल आणि पासवर्ड, विभागप्रमुखांकडे सीलबंद

शेवटची ओळ वाचून हसू नका. लॅब असिस्टंट बदलून गेला आणि पासवर्ड त्याच्या मोबाइलवर राहिला, तर चारही हेडसेट कपाटातच पडून राहतात.

उन्हाळी सुटीआधी बॅटऱ्या साधारण निम्म्यावर आणा, लेन्स झाका, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात घाला आणि डबा तळमजल्यावरच्या थंड खोलीत ठेवा. कॉलेज उघडण्याच्या आठवडाभर आधी सगळे हेडसेट चालू करून अपडेट होऊ द्या. हे पहिल्या प्रॅक्टिकलच्या सकाळी केलं, तर वीस पोरं आणि चार टक्केवारीच्या पट्ट्या एकमेकांकडे बघत बसतात.